‘पहिला टीव्ही’ नेमका कोणता? प्रदर्शनाचे फलक आणि तीस रेघांचं चालतं मॉडेल

फळाखडू

नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा एक कोपरा आहे. त्यात दोन गोष्टी अडल्या आहेत. माहितगारांनी कृपया मदत करावी.

एक, फलक. मजकूर सध्या असा आहे:

(१) २६ जानेवारी १९२६ रोजी जॉन लोगी बेअर्ड यांनी टीव्हीचा शोध लावला.
(२) १९३६ साली बीबीसीने जगातली पहिली टीव्ही सेवा सुरू केली.
(३) १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनची स्थापना झाली.
(४) १९८२ च्या एशियाडपासून भारतात रंगीत टीव्ही आला.

यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे छापलेलं सापडतं, पण दुसरीकडे त्याच्या उलटही सापडतं. मुलं ‘पहिला म्हणजे कोण?’ असं विचारणारच, म्हणून चुकीचं काही लावायचं नाही.

दोन, बेअर्डच्या पद्धतीचं चालतं मॉडेल. पुठ्ठ्याची ३० सें.मी. व्यासाची चकती घेतली आहे. तिच्यात दाभणाने पाडलेली, साधारण १ मि.मी.ची ३० भोकं आहेत, प्रत्येक पुढचं भोक ०.५ मि.मी.ने केंद्राकडे सरकलेलं, म्हणजे चकतीच्या एका फेरीत प्रत्येक भोक चित्राची एकेक रेघ काढतं. खेळण्यातली ३ व्होल्टची मोटर, मागे एकच पारदर्शक पांढरा ५ मि.मी.चा एलईडी, आणि त्याला आर्डुइनो युनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या ‘अ‍ॅनालॉगराइट’ने उजेड कमी-जास्त करायची आज्ञा. दिसतं ते असं: मधोमध झगझगीत ठिपका, बाजूला राखाडी पट्टे, आणि काहीही स्थिर राहत नाही. नेमकं काय चुकतंय?

---

निपकोची_चकती

आधी फलकांचं बोलतो. मॉडेलवर इथले इलेक्ट्रॉनिक्सवाले लिहितीलच.

‘टीव्हीचा शोध’ हे शब्द पहिल्या फलकावरून काढाच. टीव्ही एका माणसाने एका दिवशी शोधलेला नाही. ‘टेलिव्हिजन’ हा शब्दसुद्धा बेअर्डच्या आधीचा आहे. १९०० साली पॅरिसच्या वीजविषयक परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की यांनी तो वापरला, तेव्हा बेअर्ड बारा वर्षांचा होता. आणि भोकांच्या सर्पिलाची चकती पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याची, तिच्या पेटंटचा अर्ज १८८४ चा. निपकोने यंत्र मात्र बांधलं नाही, आणि बांधून चाललंही नसतं. त्या वेळी उजेडाची वीज करायला फक्त सेलेनियम होतं. उजेड बदलला की त्याचा विद्युतरोध बदलतो, पण इतका सावकाश की भोक पुढे निघून गेलं तरी सेलेनियम मागच्याच उजेडात अडकलेलं असतं. शिवाय तो क्षीण प्रवाह वाढवणाऱ्या व्हॉल्व्हचा पत्ता नव्हता. अखेर कुणालाच गरज न वाटल्यामुळे ते पेटंट गळून पडलं.

मग बेअर्डने पहिल्यांदा केलं ते काय? २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागात, २२ फ्रिथ स्ट्रीटच्या माडीवर, त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या चाळीसेक सभासदांना हलता मानवी चेहरा दाखवला. तोही काळ्या-पांढऱ्यामधल्या छटांसकट आणि चेहऱ्यावरून परावर्तित झालेल्या उजेडाने. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. कारण नुसत्या हलत्या सावल्या त्याने स्वतःच मार्च १९२५ मध्ये सेल्फ्रिजेस या दुकानात दाखवल्या होत्या, आणि अमेरिकेत चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स यांनी जून १९२५ मध्ये एका खेळण्यातल्या पवनचक्कीची हलती छाया ४८ रेघांत पाठवली होती. ‘छटा’ आणि ‘परावर्तित उजेड’ हे शब्द गाळले तर २६ जानेवारी १९२६ ही तारीख पहिली उरतच नाही.

तिसरं आणि चौथं नाव फलकावर हवंच. २५ डिसेंबर १९२६ ला जपानमध्ये हामामात्सु इथे केंजिरो ताकायानागी यांनी ‘इ’ हे काताकाना अक्षर ४० रेघांमध्ये कॅथोड रे ट्यूबवर (जुन्या टीव्हीत असायची त्या काचेच्या नळीवर) उमटवलं. (त्याच दिवशी सम्राट ताइशो वारले.) कॅमेऱ्याच्या बाजूला चकतीच होती, पण पडदा इलेक्ट्रॉनिक होता. मग ७ सप्टेंबर १९२७ ला सॅन फ्रान्सिस्कोत २१ वर्षांच्या फायलो फार्न्सवर्थने कॅमेऱ्यातही फिरता भाग ठेवला नाही. पाठवलं काय, तर एक सरळ रेघ. दिसायला सगळ्यांत दरिद्री चित्र हेच, पण पुढची पन्नास-साठ वर्षं घराघरांत जो टीव्ही होता त्याचा पूर्वज हा.

तेव्हा पहिला फलक मी असा लिहीन: ‘२६ जानेवारी १९२६, लंडन : हलत्या चेहऱ्याचं छटांसकट चित्र टीव्हीवर दाखवण्याचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक. जॉन लोगी बेअर्ड, यांत्रिक पद्धत, ३० रेघा.’ शेजारी ताकायानागी आणि फार्न्सवर्थ यांच्या दोन छोट्या पाट्या. मुलांना तारखेची आठवण आपोआप राहते, आपला प्रजासत्ताक दिनच.

मुलांना आवडेल असा एक तपशील: या पद्धतीत चेहऱ्यावर इतका प्रखर उजेड लागायचा की माणूस त्या उष्णतेत टिकत नसे. म्हणून बेअर्ड ‘स्टूकी बिल’ नावाचं रंगवलेलं बाहुल्याचं डोकं वापरायचा. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्या डोक्याचं चित्र छटांसकट नीट उमटल्यावर त्याने खालच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या विल्यम टेंटन या पोऱ्याला वर आणून दिव्यांसमोर बसवलं. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस म्हणून टेंटनचं नाव घेतात. पुढे बेअर्डने मांडणी उलटी केली. स्टुडिओत अंधार, चकतीमागून येणारा उजेडाचा एक ठिपका चेहऱ्यावरून फिरतो आणि बाजूचे फोटोसेल परावर्तन टिपतात. उष्णतेचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसऱ्या फलकाबद्दल. ‘जगातली पहिली टीव्ही सेवा’ हे जसंच्या तसं चूक आहे. बर्लिनमध्ये २२ मार्च १९३५ ला १८० रेघांची नियमित सेवा सुरू झाली होती, आणि तिचं नावच पॉल निपकोवरून ठेवलं होतं. बेअर्डचं ३० रेघांचं प्रक्षेपण तर बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून ३० सप्टेंबर १९२९ पासून चालू होतं. ट्रान्समीटर एकच असल्यामुळे आधी माणसाचा नुसता आवाज यायचा आणि मग त्याच माणसाचं मुकं चित्र! चित्र आणि आवाज एकत्र ऐकू-दिसू लागले ते ३० मार्च १९३० पासून.

२ नोव्हेंबर १९३६ ला अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली ती ‘हाय डेफिनिशन’ नियमित सेवा. तेव्हा २४० रेघा म्हणजे हाय डेफिनिशन. आणि सेवा एक नव्हती, दोन होत्या: बेअर्डची २४० रेघांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची, आलटून पालटून. बेअर्डच्या स्टुडिओतली मोठी दृश्यं आधी सिनेमाच्या फिल्मवर घ्यायची, फिल्म मिनिटभराच्या आत रसायनांतून काढून ओली असतानाच स्कॅन करायची, अशी व्यवस्था होती. कॅमेरा त्या टाक्यांना जखडलेला, म्हणजे हलवता येत नाही. समोरच्या ईएमआयच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याला फक्त केबल. तीन महिन्यांत निकाल लागला. ३० जानेवारी १९३७ ला बेअर्डचं शेवटचं प्रक्षेपण झालं. ४०५ रेघांची पद्धत मात्र ब्रिटनमध्ये थेट १९८५ पर्यंत चालू राहिली.

---

ओम_व्होल्ट

मॉडेलबद्दल. तुमच्या वर्णनातच चारही दोष दिसतायत. एकेक घेऊ.

*भोक आणि सरक.* सरक ०.५ मि.मी. आणि भोक १ मि.मी., म्हणजे प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेवर अर्धी चढते. चित्र पुसट होणारच. भोकाची रुंदी आणि सरक सारखी हवी. भोक लहान असेल तर रेघांमध्ये काळ्या फटी दिसतात, मोठं असेल तर उजळ पट्टे. शिवाय दाभणाने पुठ्ठ्याला भोक पडत नाही, तंतू बाजूला सरतात आणि कड फाटकी राहते.

मापं मी अशी सुचवेन. सर्पिलाची मधली त्रिज्या १६७ मि.मी., पहिलं भोक १७४.२५ वर, तिसावं १५९.७५ वर. मधे प्रत्येकी ०.५ मि.मी.ची सरक आणि दोन भोकांमध्ये बरोबर १२ अंश. चकतीचा व्यास ३६० मि.मी., भोक ०.५ मि.मी. यातून चित्राची चौकट १५ मि.मी. रुंद आणि ३५ मि.मी. उंच येते, म्हणजे ३:७. बेअर्डचं प्रमाण हेच होतं. रेघा उभ्या, चौकट उभट, कारण दाखवायचं होतं ते माणसाचं डोकं आणि खांदे.

चुकीला जागा कुठे आहे आणि कुठे नाही हे नीट समजून घ्या, नाहीतर नको तिथे वेळ जाईल. एकटं भोक केंद्राच्या दिशेने ०.१ मि.मी. जरी चुकलं तरी त्या जागी काळी रेघ येते आणि डोळा नेमका तिच्यावरच जातो. भोकाचा कोन चुकला तर ती रेघ शेजारणीपेक्षा वर किंवा खाली सरकते आणि नाकाची कड करवतीसारखी दिसते. ०.१ अंश म्हणजे या त्रिज्येवर ०.२९ मि.मी., अर्ध्या भोकापेक्षा जास्त. याउलट मधलं, आसाचं भोक ०.२ मि.मी. बाजूला गेलं तरी फारसं बिघडत नाही. कारण तेव्हा सगळ्या रेघा हळूहळू सरकतात, लगतच्या दोन रेघांमधल्या अंतरात जास्तीत जास्त ०.०४ मि.मी.चा फरक पडतो.

म्हणून हाताने पाडू नका. ड्रॉइंग संगणकावर काढा आणि लेझर कटिंगवाल्याकडून ०.५ मि.मी. जाडीच्या काळ्या कार्डशीटवर कापून घ्या. लेझरचा झोत स्वतःच ०.१ ते ०.२ मि.मी. खातो. त्यामुळे आधी तुकड्यावर ०.३, ०.४ आणि ०.५ अशी तीन मापं मारून बघायला सांगा आणि भिंगातून जे खरं ०.५ दिसेल ते वापरा. पीव्हीसी शीट अजिबात देऊ नका, लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो, चांगला दुकानदार ते घेणारच नाही. २ मि.मी.चं अ‍ॅक्रिलिकही नको. भोक रुंदीपेक्षा चौपट खोल झालं की नळीतून बघितल्यासारखं होतं, डोकं जरा हललं की चित्र गायब.

*उजेड.* पारदर्शक एलईडीच्या टोकाला भिंग असतं, म्हणून मधोमध ठिपका. चौकटीच्या मागे सगळीकडे सारखा उजेड हवा. ८ ते १० पसरट एलईडींची पट्टी, तिच्यापुढे २० मि.मी. अंतरावर दुधी अ‍ॅक्रिलिक किंवा ट्रेसिंग पेपरचे दोन थर. आणि ताकद भरपूर लागते. एका क्षणाला चौकटीतलं एकच भोक उघडं असतं. १५ गुणिले ३५ म्हणजे ५२५ चौ. मि.मी.पैकी जेमतेम ०.२ चौ. मि.मी. म्हणजे डोळ्याला पोचतो तो मूळ उजेडाच्या सुमारे २,६०० वा भाग. मूळ टेलिव्हायझरमध्ये (बेअर्डच्या घरगुती टीव्ही संचात) निऑनचा दिवा होता आणि चित्र नारिंगी, मंद दिसायचं, त्याचं कारण हेच. चौकटीला आतून काळा रंग दिलेलं १५ सें.मी. खोल नळकांडं लावा, आणि पुढे साधं भिंग.

*आर्डुइनो.* युनोचं अ‍ॅनालॉगराइट बहुतेक पिनांवर सेकंदाला साधारण ४९० वेळा दिवा चालू-बंद करतं, म्हणजे एक फेरा २ मिलिसेकंदांचा. तुमची एक अख्खी रेघ आहे २.६७ मिलिसेकंदांची! रेघेत छटा बदलायच्या आधी ती रेघच संपते. राखाडी पट्टे आले ते इथून. हिशोब असा: सेकंदाला १२.५ चित्रं, म्हणजे एक फेरी ८०,००० मायक्रोसेकंद. ३० रेघा, प्रत्येकीत ७० ठिपके, एकूण २,१०० ठिपके. एका ठिपक्याला ३८ मायक्रोसेकंद मिळतात. यासाठी खरा डीएसी (आकड्याचं थेट व्होल्टेज करणारा भाग) असलेला ईएसपी३२ बोर्ड घ्या (मूळ ईएसपी३२, कारण नंतरच्या काही प्रकारांत डीएसी नाही). त्याचं आठ बिटांचं आउटपुट थेट एलईडीला जोडायचं नाही. मधे एलएम३५८ ही ऑप-अँप चिप, एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि एमिटरला १० ओहमचा रोध. रोधावरचा व्होल्टेज एलएम३५८ च्या ऋण टोकाला परत द्या. डीएसीचं आउटपुट विभागून १ व्होल्टपर्यंत आणलं की एलईडीतून ० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छटेच्या अगदी प्रमाणात वाहतो. ट्रान्झिस्टर टीआयपी३१ सारखा, पाठीला पत्रा असलेला घ्या, बीसी५४७ तापून जाईल.

आणि फोटो तसाच भरू नका. फोटोतल्या छटा पडद्याच्या वक्राप्रमाणे साठवलेल्या असतात, एलईडी सरळ रेषेत चालतो. प्रत्येक मूल्याला २५५ ने भागून २.२ चा घात द्या आणि पुन्हा २५५ ने गुणा. हे केलं नाही तर चेहरा पीठ फासल्यासारखा फिकट दिसतो.

*मोटर.* सगळं बरोबर असूनही चित्र का थांबत नाही, ते इथे आहे. मोटर फक्त एक टक्का जरी हुकली, मिनिटाला ७५० ऐवजी ७५७ फेरे झाले, तर चित्र सेकंदाला जवळजवळ पावणेचार वेळा चौकटीतून वरखाली वाहून जातं आणि शिवाय तिरकं होतं, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत उंचीच्या तीस टक्के. खेळण्यातली मोटर बॅटरी उतरते तशी दहा टक्के हुकते.

यावर सोपा तोडगा: मोटरला चित्रामागे धावायला लावू नका, चित्राला मोटरमागे धावू द्या. चकतीच्या कडेला २ मि.मी. रुंद, ३ मि.मी. खोल एकच खाच पाडा, ती काट्याच्या आकाराच्या फोटो-इंटरप्टरमधून (उजेड अडला-सुटला की संकेत देणाऱ्या सेन्सरमधून) जाऊ द्या. बोर्डाने दर फेरीला खाचेची एकच कड पकडायची, मागच्या फेरीला लागलेले मायक्रोसेकंद मोजायचे, त्याला २,१०० ने भागायचं आणि तो पुढच्या फेरीतला ठिपक्याचा वेळ. चकती जड असल्याने एका फेरीत वेग फारसा बदलत नाही. मग ७२० फेरे असोत की ७८०, चित्र जागचं हलत नाही.

मोटर १२ व्होल्टची, गिअर असलेली, ८०० ते १,००० फेऱ्यांची घ्या आणि व्होल्टेज उतरवून ७५० वर आणा. चकतीला मधे ६० मि.मी.च्या दोन पत्र्यांच्या चकत्यांमध्ये आवळा, नाहीतर कार्डशीट फडफडते. कडेचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० कि.मी. होतो. मुलं बोट घालणारच, तेव्हा पुढे-मागे अ‍ॅक्रिलिकचं आवरण असल्याशिवाय चालू करू नका.

---

फळाखडू

दोघांचेही मनापासून आभार. भोक आणि सरक सारखी हवी, हे कुठेच इतकं स्पष्ट लिहिलेलं मिळालं नव्हतं. दोन उपप्रश्न. चकतीची कुठली बाजू पुढे, आणि मोटर कुठल्या दिशेने? आणि याला ‘बेअर्डचा १९२६ चा टीव्ही’ म्हणता येईल का?

---

ओम_व्होल्ट

पुढून बघताना चौकट उजव्या हाताला, घड्याळातल्या तीनच्या जागी ठेवा. चकती घड्याळाच्या उलट फिरू द्या, म्हणजे भोकं चौकटीत खालून वर जातील. सर्वांत बाहेरचं भोक पहिलं. तिथून घड्याळाच्या दिशेने मोजत गेलं की प्रत्येक पुढचं भोक आत आत. याने रेघा उजवीकडून डावीकडे भरतात, बेअर्डच्या पद्धतीसारख्याच.

तपासायला चेहरा नको, ‘क’ हे अक्षर भरा. आरशातल्यासारखं दिसलं तर चकती उलटी बसली आहे. डोकं खाली आणि डावं-उजवंही उलट दिसलं तर मोटरच्या तारा बदला. अक्षर बरोबर पण मधोमध दुभंगलेलं दिसलं, खालचा अर्धा भाग वर, तर फक्त खाच आणि पहिलं भोक यांच्यातला कोन प्रोग्रॅममध्ये जमा-वजा करायचा आहे. चकतीला हात लावायचा नाही.

---

निपकोची_चकती

नाव ‘१९२६ चा टीव्ही’ देऊ नका. त्या जानेवारीत चित्रं सेकंदाला पाचच होती. तुम्ही बांधताय ते १२.५ चित्रांचं, म्हणजे १९२९ ते १९३५ या काळात लोक घरी बघत होते ते प्रक्षेपण. ‘बेअर्ड पद्धतीचा ३० रेघांचा टेलिव्हायझर’ असं लिहा. तेव्हाच्या यंत्रात वेग जुळवण्यासाठी ३० दातांचं चाक आणि चुंबकं असायची, आणि चित्राच्या संकेतातूनच येणारे सेकंदाला ३७५ ठोके त्या दातांना ओढून धरायचे. तुमच्याकडे उलट, चकती मालक आणि चित्र नोकर. हा फरक एका ओळीत नोंदवा, मोठी मुलं तेच विचारतील.

एक ‘पहिलं’ मात्र फलकावर जरूर घ्या, कारण ते फार कमी लोकांना माहीत आहे. टीव्हीचं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण, म्हणजे खरं तर चित्रमुद्रण, सप्टेंबर १९२७ चं आहे आणि ते ग्रामोफोनच्या तबकडीवर आहे. वर हिशोब आलाच आहे: २,१०० ठिपके गुणिले १२.५, म्हणजे संकेताची कंप्रता जास्तीत जास्त १३ किलोहर्ट्झच्या आसपास. हा कानाला ऐकू येणारा आवाजच झाला! म्हणून तो मीडियम वेव्हच्या रेडिओवरून पाठवता आला आणि तबकडीवर कोरताही आला. बेअर्डने तबकडीचं आणि कॅमेऱ्याच्या चकतीचं चाक एकमेकांना जोडलं, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका फेरीत तीन चित्रं, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार. त्याला ती कधी नीट परत बघता आली नाहीत, कारण कापणाऱ्या सुईची थरथर आणि चाकांचा हिसका दोन्ही चित्रात उतरले होते. १९८० च्या दशकापासून डोनाल्ड मॅक्लीन यांनी संगणकावर ते हिसके मोजून काढून टाकले आणि स्टूकी बिलचा चेहरा पुन्हा दिसला.

प्रदर्शनात हे करून दाखवता येईल. तुमचं तेच आउटपुट रोधातून छोट्या स्पीकरलाही द्या. चेहरा बदलला की गुरगुर बदलते. मुलांना चित्र ‘ऐकू’ येतं.

---

सिंहगड_रिले

भारताच्या दोन फलकांवर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

तिसरा फलक: १५ सप्टेंबर १९५९ ही तारीख बरोबर, ‘दूरदर्शनची स्थापना’ हे चूक. ती आकाशवाणीच्या अखत्यारीतली प्रायोगिक सेवा होती, युनेस्कोच्या मदतीने, दिल्लीच्या आसपास सुमारे ४० कि.मी. टप्प्यापुरती, आठवड्यातून दोन दिवस एकेक तास. लोकांनी घरी बघायची ती नव्हतीच, ठिकठिकाणच्या टेलिक्लबांमध्ये जमून बघायची. रोजचं प्रक्षेपण १९६५ मध्ये आलं. ‘दूरदर्शन’ आकाशवाणीपासून वेगळं खातं झालं ते १ एप्रिल १९७६ ला. महाराष्ट्रातली शाळा आहे तर २ ऑक्टोबर १९७२ घ्याच: मुंबई केंद्र, देशातलं दुसरं, पहिल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी. पुण्याला १९७३ मध्ये टीव्ही आला तो स्वतःचा स्टुडिओ घेऊन नाही, तर सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचंच चित्र पुढे पाठवून. गड का, तर या लहरी सरळ रेषेत जातात, मधे सह्याद्री आडवा आहे, आणि उंचीवरून मुंबईकडचा संकेत पकडून खाली शहरावर सोडता येतो.

चौथा फलक: एशियाड १९ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं. त्याच्या तीन महिने आधी, १५ ऑगस्ट १९८२ ला, स्वातंत्र्यदिनाचं रंगीत प्रक्षेपण झालं होतं आणि त्याच दिवसापासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. ‘एशियाडमुळे रंगीत टीव्ही घराघरांत पोचायला लागला’ हे बरोबर, ‘एशियाडपासून आला’ हे नाही.

आणि माझ्या मते तुमच्या यादीत जे नाहीच तेच भारताचं सर्वांत मोठं ‘पहिलं’ आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, ‘साइट’ प्रयोग. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि अहमदाबादहून इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम पोचवले: राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे जगात आधी कुठेच झालं नव्हतं. खेड्यातला अँटेना होता तीन मीटरचा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा! आणि ते चालायचं. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर होतं, म्हणजे लहरीची लांबी जवळजवळ ३५ सें.मी. जाळीचे छिद्र दोन-तीन सें.मी.चं असेल तर त्या लहरीला ती सलग पत्र्यासारखीच वाटते. वाऱ्याला मात्र जाळीतून वाट मिळते, आणि वजन इतकं कमी की गावातल्या घराच्या छतावरही ठेवता यावी.

याचंही मॉडेल करता येईल: अर्धा मीटर जाळी वाकवून शेजारी ठेवा, आणि ३५ सें.मी.ची एक लहर पट्टीवर काढून जाळीच्या छिद्रापुढे धरा.

---

फळाखडू

साइटचा फलक नक्की घेते, आणि जाळीही. एक शेवटचं: मॉडेलचा फोटो मोबाइलने काढला की चौकटीत एक-दोनच रेघा दिसतात, बाकी काळं. हा मॉडेलचा दोष आहे की मोबाइलचा?

---

ओम_व्होल्ट

मोबाइलचा. एक पूर्ण चित्र भरायला ८० मिलिसेकंद लागतात, आणि मोबाइल चकाकणारी गोष्ट बघून शटर १/५०० किंवा त्याहून वेगात ठेवतो. तेवढ्यात एकच रेघ होते. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/६ सेकंदावर न्या, म्हणजे दोन पूर्ण चित्रं मावतात. आयएसओ ४०० च्या आसपास, फोकस हाताने चकतीवर पक्का, आणि मोबाइल तिपाईवर. १/१२ वर ठेवलात तर कधी एक पूर्ण चित्र आणि वर एखादी रेघ दुप्पट उजळ येते, ती भोकाची चूक समजू नका. व्हिडिओत झगमग राहणारच, तिथे शटर इतकं लांबवता येत नाही.

फोटो काढताना खोलीतली ट्यूब बंद करा, चकतीच्या पुढच्या बाजूला तिचं प्रतिबिंब पडलं की काळा रंग राखाडी होतो. आणि चकतीची पुढची बाजू मॅट काळी ठेवा, कार्डशीट चकचकीत आली असेल तर फळ्याच्या रंगाचा एक हलका फवारा पुरेल. फवारा मारताना मागून भोकांवर मास्किंग टेप लावायला विसरू नका, ०.५ मि.मी.चं भोक रंगाच्या एका थेंबाने बुजतं.